जुन्या खाणीच्या दुरुस्तीमुळे डोंगरवाट बंद झाली असेल, तर काय करावे?

सातारा शहरात बदलीने, शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतर राहायला आलेली माणसे दोन-तीन महिन्यांतच डोंगराच्या नादी लागतात, याला फारसे अपवाद मी पाहिलेले नाहीत. अजिंक्यतारा रोजचा होतो, यवतेश्वर रविवारचा होतो आणि मग कोणीतरी दाखवलेली एखादी गुराख्यांची वाट आपली वाटू लागते. अशाच एका वाटेवर तीन वर्षांपूर्वी मला पिवळी-काळी पट्टी बांधलेली दिसली. शेजारी ‘काम चालू आहे, प्रवेश बंद’ एवढाच फलक होता आणि पलीकडे, कित्येक वर्षे बंद पडलेल्या दगडखाणीत, दोन पोकलेन उतरलेले होते. ती वाट कोणी बंद केली, किती दिवसांसाठी केली आणि वरच्या देवळाकडे जायला दुसरा मार्ग कोणता, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवायला मला चार महिने लागले, आणि त्यातला बराचसा काळ चुकीच्या दारात उभे राहण्यात गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या खड्ड्यातल्या हिरव्या पाण्याची छायाचित्रे पाहून येणाऱ्यांचा त्या गावाला आधीच पुरेसा त्रास आहे.

१. खाण कशाची होती, ते आधी समजून घ्या

आपले डोंगर बेसाल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे आहेत आणि पश्चिमेकडच्या उंच माथ्यांवर त्याच्यावर जांभ्याचा थर आहे. कासचे पठार आणि पाचगणीचे टेबललँड ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. काळा दगड खडीसाठी फोडला जातो, उतारावरचा मुरूम रस्त्यांच्या भरावासाठी उचलला जातो, जांभ्याचे चिरे काढले जातात आणि सह्याद्रीच्या काही माथ्यांवर जांभ्यासोबत बॉक्साइटही सापडते. दगड, मुरूम आणि जांभा ही कायद्याच्या भाषेत गौण खनिजे आहेत. त्यांचा कारभार ‘महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३’ प्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयातून, तिथल्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांमार्फत चालतो. बॉक्साइट मात्र प्रमुख खनिज असल्यामुळे त्याच्या खाणीचा बंद करण्याचा आराखडा नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोच्या अखत्यारीत येतो. साताऱ्यात तुमच्या वाट्याला बहुधा काळ्या दगडाची किंवा मुरमाचीच खाण येईल, तेव्हा तुमची पहिली चौकशी खनिकर्म शाखेत होणार, हे धरून चाला.

२. फलक वाचा आणि त्याचे छायाचित्र घ्या

फलक दोन प्रकारचे असतात आणि नवखा माणूस हमखास त्यांत गल्लत करतो. एक ठेकेदाराचा फलक असतो. त्यावर कामाचे नाव, अंदाजित रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. तो माहितीसाठी असतो, त्याने कोणाची वाट कायद्याने बंद होत नाही. दुसरा फलक आदेशाचा असतो. त्यावर जावक क्रमांक, दिनांक, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, गट क्रमांक आणि ज्या कलमाखाली बंदी घातली ते कलम लिहिलेले असते. जावक क्रमांक दिसला, तर तुमचे अर्धे काम झाले, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात तोच लिहायचा असतो.

आदेशाचा फलक दिसत नाही म्हणून पट्टी ओलांडणे हा मात्र शुद्ध अविचार आहे. यंत्र चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही, आणि वरून सुटलेला धोंडा आदेश निघाला आहे की नाही हे पाहून खाली येत नाही.

३. जमीन कोणाची आहे, ते नकाशावर शोधा

सगळ्या खटाटोपाची किल्ली या पायरीत आहे. वाट कोणाच्या जमिनीतून जाते हे कळले, की ती कोण बंद करू शकतो, किती काळ करू शकतो आणि दाद कोणाकडे मागायची, हे आपोआप उलगडते. मी ही पायरी गाळली. आजूबाजूला झाडी होती म्हणून जमीन वन खात्याचीच असणार असे मी गृहीत धरले आणि कित्येक आठवडे त्यांच्याकडे खेपा घातल्या. शेवटी एक वनरक्षक माझ्याबरोबर वाटेवर आले, खाणीच्या वर साधारण दोनशे पावलांवर करवंदीच्या जाळीत बुडालेला हद्दीच्या खुणेचा दगडी बुरूज त्यांनी काठीने मोकळा केला आणि म्हणाले, “काका, आमची हद्द इथून वर. खालचं सगळं गायरान.” त्या एका वाक्याने माझे वन खात्याकडचे सगळे अर्ज निकामी झाले.

हे घरबसल्या कसे करायचे, ते सांगतो. शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडले, की गटांचा नकाशा उघडतो. खाणीचा गट सापडला, की त्या क्रमांकाचा सातबारा पाहावा. त्यावर खासगी खातेदाराचे नाव आहे, सरकार आहे की वन विभाग आहे, ते दिसते. त्यानंतर तलाठ्यांकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, मूळ गावनकाशा पाहायला मागावा. गावनकाशात पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात आणि गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट. तुमची वाट त्या तुटक रेघेवर असेल, तर ती नोंदलेली वाट आहे आणि तिच्याबद्दल अधिकाराने बोलता येते. ती रेघेवर नसेल, तर वर्षानुवर्षांची वहिवाट वेगळ्या पुराव्याने दाखवावी लागते. मोबाइलमधल्या नकाशात दिसणारी वाट हा यांपैकी कशाचाच पुरावा होत नाही.

सांगलीकडच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. सागरेश्वर हे अभयारण्य आहे आणि शिराळ्याच्या पश्चिमेचे चांदोली हे राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अशा क्षेत्रात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे मुळात प्रवेशालाच परवानगी लागते; तिथे बंद झालेल्या वाटेबद्दल तहसीलदारांकडे जाण्यात अर्थ नाही, चौकशी वन्यजीव विभागाकडेच करावी लागते.

४. बंदी कोणत्या कायद्याखाली आहे, ते पाहा

जमिनीचा प्रकार कळल्यावर ही पायरी लवकर उरकते. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अधिकारातील दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढू शकतात. जुन्या लोकांच्या तोंडी असलेले १४४ कलम ते हेच. असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपर्यंतच टिकतो, त्यामुळे त्यावरची तारीख अवश्य पाहावी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खालीही जिल्हा प्रशासन धोकादायक जागी प्रवेश रोखू शकते, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर येणाऱ्या बंदीमुळे हा प्रकार सातारकरांच्या परिचयाचा आहे.

राखीव वनातील वाटेसाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम २५ लक्षात ठेवावे. वन अधिकाऱ्याला राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीने राखीव वनातली सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करता येते, परंतु तिच्याऐवजी पुरेशी सोयीची दुसरी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे, असे ते कलम सांगते. पर्यायी वाटेची लेखी मागणी करताना या कलमाचा उल्लेख केल्यास अर्जाला वजन येते, असा माझा अनुभव आहे.

५. काम कोणत्या टप्प्यावर आहे, त्यावरून मुदतीचा अंदाज बांधा

‘काम कधी संपणार?’ या प्रश्नाला मुकादमापासून साहेबांपर्यंत सगळे ‘होईल लवकरच’ असेच उत्तर देतात. त्याऐवजी काम स्वतः पाहून अंदाज बांधायला शिकावे.

पहिला टप्पा पाणी उपसण्याचा आणि कचरा काढण्याचा असतो. बंद खाणीत वर्षानुवर्षे पावसाचे पाणी साचते, त्यात गावाचा कचरा येऊन पडतो आणि काठावर जुन्या यंत्रांचे तेल जिरलेले असते. दुसरा टप्पा भिंतींचा. धातू व दगडांच्या खाणींसाठीच्या १९६१ च्या विनियमांनुसार कठीण खडकात भिंतीच्या प्रत्येक पायरीची उंची साधारणपणे ६ मीटरच्या वर जाऊ नये आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी. आपल्याकडच्या जुन्या खाणी पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी अशा पायऱ्याच नाहीत. डोंगर एकसंध उभा कापलेला असतो. ती भिंत वरून सोलत आणून तिला पायऱ्या पाडणे हे सगळ्यांत धोक्याचे काम आहे, आणि वाट खाणीच्या वरून जात असो वा खालून, याच काळात ती पूर्ण बंद ठेवावी लागते. तिसरा टप्पा भरावाचा, पाण्याच्या निचऱ्यासाठी चर काढण्याचा आणि जाळीत दगड भरून बांधलेल्या आधारभिंतींचा. चौथा माती पसरून गवत आणि झाडे लावण्याचा.

यंत्रांची कामे पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. लागवड जून ते ऑगस्टमध्ये होते. म्हणून जानेवारीत भिंतीवर पोकलेन दिसला, तर त्या पावसाळ्याआधी वाट उघडेल अशी आशा धरू नये. जिल्ह्याच्या कोणत्या भागात आहात यावरही बरेच अवलंबून असते. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावात पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडे नवा भराव एका पावसातच कसाला लागतो. पूर्वेकडे त्यावर गवत धरायलाच दोन-तीन वर्षे जातात.

भरावाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण सगळे तिथेच फसतात. काम संपत आल्यावर मुकादमांच्या परवानगीने मी आत गेलो होतो. समोर सपाट, रोलर फिरवलेली, मुरमाची तांबडी जागा होती, कोणालाही क्रिकेट खेळावेसे वाटेल अशी. मुकादमांनी काही न बोलता पहार उचलली आणि कडेच्या भागात नुसत्या हाताच्या जोराने टोचली. ती दीड फूट आत गेली. कडेला रोलर पोहोचत नाही, तिथली माती सैल राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात नेमकी तीच बसते किंवा घसरते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगाव इथे काय झाले, हे आपण पाहिले आहे. ते डोंगराचे नैसर्गिक उतार होते. इथे तर माणसाने कालपरवा टाकलेली माती आहे.

६. अर्जाची तयारी करा

माहिती हवी असो वा पर्यायी वाट, पुढील कागद एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवावेत:

• फलकाचे आणि अडवलेल्या जागेचे दिनांक दिसणारे छायाचित्र
• आदेशाचा जावक क्रमांक, मिळाल्यास आदेशाची प्रत
• खाणीच्या गटाचा सातबारा आणि गावनकाशाची प्रत, त्यावर वाट पेन्सिलीने अधोरेखित केलेली
• ओळखपत्राची छायाप्रत
• वाट वापरणाऱ्यांच्या सह्यांचे निवेदन; त्यात गावातले शेतकरी आणि गुराखी असावेत, केवळ शहरातले फिरस्ते नसावेत
• शक्य झाल्यास ग्रामपंचायतीचा ठराव

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. एका कार्यालयात ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ या शब्दांवर विश्वास ठेवून मी अर्ज ठेवून आलो. महिन्याने चौकशी केली, तेव्हा असा अर्ज आलाच नसल्याचे मला सांगण्यात आले, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

तोंडी माहिती मिळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. सगळी कैफियत त्यात लिहिणाऱ्यांचे अर्ज याच कारणाने परत येतात. ‘वाट का बंद केली?’ असे विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागावेत: प्रवेशबंदीच्या आदेशाची प्रत, कामाचा कार्यारंभ आदेश, कामाच्या मुदतीचा तक्ता, पर्यायी मार्गाबाबतचा पत्रव्यवहार.

खाण २०१२ नंतरही चालू होती का, हे विचारून घ्यावे. ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज खाणींना त्याआधी पर्यावरण मंजुरी लागत नसे. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती आवश्यक केली. त्यामुळे त्याआधीच बंद पडलेल्या लहान खाणीचे मंजुरीपत्र शोधत बसू नये, ते बहुधा नसतेच. नंतरची खाण असेल, तर मंजुरीपत्र ‘परिवेश’ या संकेतस्थळावर शोधावे. जमीन पूर्ववत करण्याच्या अटी त्यात असतात. खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा, झाडे आणि वन्यजीवांना योग्य करून द्यावी, अशी अट खाणपट्ट्यांमध्ये, म्हणजे खाणकामाच्या भाडेपट्ट्यांमध्ये, घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे.

७. पर्यायी वाट मागा, पण ती गावाला विचारून

इथे शेतकरी आणि भटके यांच्यातला फरक ओळखावा लागतो. ज्याचे शेत खाणीपलीकडे आहे आणि जायची वहिवाट अडली आहे, तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करू शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाला तो मार्ग नाही. आपण विनंती करू शकतो, आणि ती ग्रामसभेतून गेली तर तिचे काही होते.

आमच्या बाबतीत पर्यायी वाट कागदावरून निघाली नाही. एका मेंढपाळाने खाणीच्या पश्चिमेच्या सोंडेवरून जाणारी जुनी वाट दाखवली, जी खाण सुरू झाल्यावर लोकांनी सोडून दिली होती. ती दोन खासगी गटांच्या बांधावरून जात होती. दोन्ही खातेदारांच्या घरी जाऊन बसलो, चहा झाला, पीक उभे असताना बांध सोडून चालणार नाही आणि कुत्री आणणार नाही असे कबूल केले, तेव्हा होकार मिळाला. हे ठरण्याआधी शहरातल्या काही मंडळींनी तीच वाट मोबाइलवर टाकून दिली होती. पुढच्या रविवारी चाळीस जण हरभऱ्यातून गेले आणि एका खातेदाराने बांधावर काटे टाकले. त्याचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही.

८. या चुका टाळा

रविवारी यंत्रे बंद असतात म्हणून आत जाणे ही सर्वांत सामान्य चूक. शनिवारी सोललेली भिंत रविवारी अधिकच सैल असते.

खाणीतल्या पाण्यात उतरू नये. नदीला किंवा तळ्याला जसा उतरता काठ असतो, तसा खाणीला नसतो. एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्यावर थांग नाही, अशी अवस्था असते. बाहेर यायचे म्हटले, तरी हाताला लागते ती उभी, शेवाळलेली भिंत.

दगडात रंगीत वायर किंवा भोकात अडकलेली कांडी दिसली, तर हात लावू नये, काठीनेही ढोसू नये. जुन्या खाणीत न फुटलेले सुरुंग राहिलेले असू शकतात. जागा लक्षात ठेवून लांब यावे आणि ११२ वर कळवावे. कोणी जखमी झाले, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. पण खाणीत गाडी कोणत्या बाजूने येते ते आधी पाहून ठेवलेले नसेल, तर फोनवर नीट सांगता येत नाही.

वरच्या कडेला समांतर तडे दिसले, तर तिथून मागे फिरावे. भिंतीच्या पायथ्याशी चालणे भागच असेल, तर भिंत जितकी उंच तितके तरी अंतर राखावे.

‘साफसफाई हे नाटक आहे, खाण पुन्हा सुरू करणार आहेत’ अशी कुजबुज प्रत्येक गावात होते. ती खरी की खोटी, याचे उत्तर खनिकर्म शाखेत खाणपट्ट्याच्या स्थितीवरून मिळते. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या आत आणि सीमेपासून १ किलोमीटरच्या अंतरात खाणकामाला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे, हेही गावात सांगून ठेवावे. निम्मी कुजबुज तिथेच थांबते.

९. वाट उघडल्यानंतर

पट्टी निघाली याचा अर्थ बंदी उठली असा घेऊ नये; वाऱ्याने तुटलेल्या पट्टीला ‘उघडलेली वाट’ समजून गेलेले लोक मी पाहिले आहेत. आदेश मागे घेतल्याचे पत्र किंवा मुदत संपल्याची तारीख पाहावी आणि ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्यावे. उघडल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, विशेषतः सलग दोन-तीन दिवस झड लागल्यावर, भरावावरून जाणारा भाग टाळावा.

आमची वाट आता खाणीच्या पश्चिमेने जाते. खड्ड्याभोवती तारेचे कुंपण आहे आणि आत लावलेल्या झाडांसाठी ग्रामसभेने चराईबंदी व कुऱ्हाडबंदीचा ठराव केला आहे. वाट जिथे कुंपणाला छेदते, तिथे एक लाकडी फाटक बसवले आहे. त्याची कडी गंजून घट्ट झाली आहे, ती उचलून जरा उजवीकडे ओढावी लागते. आत गेल्यावर ती पुन्हा लागल्याचा आवाज ऐकूनच पुढे निघावे, कारण फाटक उघडे दिसले की शेळ्या पहिल्यांदा रोपांचे शेंडेच खातात.